बोटीवरचा चहा कोणी पाजायचा

सहलीच्या धंद्यात जेवणाचा खर्च काढणे सोपे असते. जास्त खाणारा आणि कमी खाणारा यांचा मेळ बसतो, आणि दोन-तीन सहली झाल्या की आचारी न विचारता आकडा सांगतो. भाडे, मुक्काम, हमाली हेही आधी कळते. अडते ते चहापाण्याशी आणि बक्षिसाशी. सहलीतली भांडणे मी पुष्कळ सोडवली. त्यांतली जेवणावरून झालेली थोडी, चहावरून झालेली बरीच.

धुळ्याच्या एका दैनिकात काही वर्षे उपसंपादकी केल्यावर मी जळगावच्या एका सहल कंपनीत व्यवस्थापक म्हणून लागलो. साठचे दशक संपत आले होते. कंपनी म्हणजे स्टेशनजवळचा एक गाळा, एक टंकलेखन यंत्र आणि मालक नाना. नानांनी त्याआधी तीर्थयात्रेच्या बसगाड्या चालवल्या होत्या. बस जिथे थांबे तिथल्या हॉटेलात चालकाला आणि व्यवस्थापकाला चहा फुकट मिळे आणि प्रवासी आपापला घेत. चालक भोंगा वाजवत असल्यामुळे एकमेकांना चहा पाजायला कोणाला सवड नसे. या अनुभवावर नानांनी नियम केला होता, आणि तो प्रत्येक पत्रकाच्या तळाशी छापलेला असे : चहापाणी व बक्षीस ज्याचे त्याने करावे, हातखर्चास माणशी पंधरा रुपये पुरेत.

"भाताचं आपण बघू," नाना म्हणत, "पाण्याचं ज्याचं त्यानं बघावं."

हाच नियम त्यांनी गोव्याच्या सहलीलाही लावला. जळगावहून रेल्वेने मुंबई, तिथून आगबोटीने पणजी, आणि त्याच मार्गाने परत. गोवा आणि पेये म्हटले की वाचकाच्या मनात दुसरेच काही येईल. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती आणि गोव्यात नव्हती, हे आमच्या प्रवाशांनाही ठाऊक होते. त्याबद्दल पत्रकात काही नव्हते आणि इथेही नाही. तो अंदाज ज्याचा तो बरोबर काढतो. नानांचा अंदाज चुकला तो साध्या चहाचा.

मुंबई-पणजी बोट तेव्हा पावसाळा सोडून चाले. सकाळी निघाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. केबिनचे भाडे परवडणारे थोडे. बाकीचे डेकवर सतरंजी पसरत, उशाला वळकटी घेत आणि शेजाऱ्याशी ओळख काढत. आमची तीसेक माणसे डेकवर एका बाजूला बसली. बहुतेकांनी तापीच्या पुरापेक्षा मोठे पाणी पाहिलेले नव्हते. बोटीने किनारा सोडल्यावर सगळे मागे पडणारी मुंबई पाहत राहिले. मग फैजपूरच्या डिगंबर आबांनी कँटीनच्या माणसाला हाक मारली.

आबा केळीचे बागाईतदार. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर नवी टोपी आणि आवाज एका शेतातून दुसऱ्या शेतात जाईल असा.

"ओ भाऊ, समद्यायले चहा दे."

कँटीनचा मुख्य माणूस आंतोन हा गोव्याकडचा होता. त्याने तीस माणसांकडे पाहिले.

"सगळ्यांना? पैसे कोण देणार?"

"ते तू नको पाहू. चहा दे."

चहा आला. चार आण्यांना कप होता. आबांनी पैसे दिले आणि तिथून गोष्ट हाताबाहेर गेली.

बाहेरच्या वाचकासाठी हे उलगडून सांगितले पाहिजे. खानदेशात चहा एकट्याने प्यायचा नसतो. ज्याने हाक मारली त्याने बसलेल्या सगळ्यांना पाजायचा, आणि जो प्याला त्याने कधीतरी तो परत करायचा. नको म्हणणे म्हणजे चहा नाकारणे नव्हे, माणूस नाकारणे. गावात याचा त्रास होत नाही. आज याची पाळी, आठ दिवसांनी त्याची. बैठकीला माणसेही चार-पाच. बोटीवर तीस माणसे एका सतरंजीला सतरंजी लावून बसली होती, उठून जायला जागा नव्हती, कँटीन हाकेच्या अंतरावर होते आणि भोंगा वाजवणारा चालक नव्हता.

आबांचा चहा संपतो तोच बोदवडच्या एका कापूस व्यापाऱ्याने सगळ्यांना चहा सांगितला. मग सावद्याच्या दोघा भावांनी मिळून. मग आबांच्या व्याह्यांनी, कारण व्याही मागे राहिला तर बरे दिसत नाही. दुपारी जेवण झाल्यावर एकाने सोडा-लेमनच्या बाटल्या मागवल्या. त्याबरोबर पाळीची किंमत वाढली, कारण लेमन पिऊन चहा पाजणे हलके ठरते. आंतोनची माणसे ट्रे घेऊन धावत होती. दोघे-तिघे कठड्याशी जाऊन वाकले, पण बोटीमुळे की चहामुळे हे ठरवणे अवघड होते.

या सगळ्यातून एकच माणूस बाहेर होता. जळगावच्या दाणा बाजारातले मोहनलाल शेठ. घराणे मूळ राजस्थानचे, धर्माने जैन, नेम कडक. बाहेरचा चहा नाही, पाणी उकळलेलेच, आणि सूर्यास्तानंतर तेही नाही. सकाळी आंतोनकडून एक भांडे पाणी उकळून घेऊन त्यांनी ते स्वतःच्या तांब्यात गाळून ठेवले होते. ते कोणाचे काही पीत नव्हते, म्हणून कोणाला काही पाजतही नव्हते. मंडळींत त्यांच्याबद्दल कुजबुज सुरू झाली.

"शेठचा नेम लय सोयीचा हाये," आबा माझ्या कानाशी म्हणाले. म्हणजे त्यांच्या मताने कानाशी. शेठ तीन सतरंज्यांपलीकडे होते आणि त्यांना नीट ऐकू गेले.

माणसे मोजणे हे माझे काम होते; दुपार उतरायला लागली तेव्हा मी ती मोजली. एक कमी भरले. पाचोऱ्याच्या सीताअक्का जागेवर नव्हत्या.

सीताअक्कांची पाचोऱ्यात स्टेशनजवळ खानावळ होती. एकट्या बाईने चालवलेली. गिरणीतले कामगार, बाजाराला आलेले शेतकरी, बदलीवर आलेले कारकून त्यांच्याकडे जेवत. सहलीची नोंदणी करायला त्या स्वतः जळगावला आल्या होत्या आणि नानांना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : समुद्र बोटीतून दिसतो ना? नानांनी सांगितले, दुसरे काही दिसतच नाही. एवढ्यावर त्यांनी पैसे भरले.

त्या खालच्या डेकवर सापडल्या. तिथे मालाच्या पेट्या, माशांच्या रिकाम्या टोपल्या आणि यंत्राची घरघर. एका खांबाला टेकून बसल्या होत्या. बायकांना त्यांनी बोट लागल्याचे सांगितले होते. मी लिंबू आणि मीठ घेऊन गेलो होतो. त्यांनी लिंबू हातात घेतले, पाहिले आणि परत दिले.

"भाऊ, खोटं काय बोलू? माले काई व्हयेल नही."

"मग इथे का बसलात? इथून समुद्र दिसत नाही."

"वर गऊ ते चहा पिना पडी. पिना ते पाजना पडी." त्यांनी वर बसलेल्या सगळ्यांच्या दिशेने हात केला. "सकायपासून बठ्ठासना चहा पिनू मी. तीस मानूसना चहा मन्हा हातखर्चामा बसस का, तुम्हीच सांगा."

बसत नव्हता. चहाची एक पाळी म्हणजे पंधरा रुपयांतला अर्धा हिस्सा. उरलेल्यातून गोव्यातले दिवस काढायचे होते, आणि बोटीवरच्या पोरांचे बक्षीस त्यांनी पदराच्या गाठीत वेगळे बांधले होते, कारण पत्रकात तसे लिहिले होते. पत्रकावर विश्वास ठेवून तेवढेच पैसे आणणारी बहुधा त्या एकट्याच होत्या.

मी म्हणालो, तुमच्या पाळीचे पैसे कंपनी आत्ता देईल, तुम्ही सवडीने द्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळले की हे बोलायला नको होते.

"उसना पैसाना चहा कोनी पाजस का? मी जनमभर लोकेसले जेवाले घालं. आते फुकटनं पिऊ?"

मग त्यांनी शांतपणे पुढचा बेत सांगितला. पणजीला गेल्यावर त्या धर्मशाळेत थांबतील, मंडळींबरोबर फिरायला येणार नाहीत आणि परत येताना याच खांबाशी बसतील. माझ्यावर राग नव्हता. नानांवरही नव्हता. हिशेब चुकला, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मी वर आलो. चहाचे बोलणे करायला चहाच्या बाहेरचा एकच माणूस होता. शेठ सूर्यास्ताच्या आधी जेवण आटोपण्याच्या घाईत होते, डब्यातली पुरी आणि कोरडी भाजी. मी नाव न घेता अडचण सांगितली. त्यांनी नाव विचारले नाही. डेककडे एकदा पाहिले. कोण कमी आहे ते त्यांना कळले असावे.

"साहेब, लग्नाच्या वऱ्हाडात तुम्ही गेला असाल," ते म्हणाले. "तिथं चहाचे पैसे कोण देतो?"

"मुलीकडचे."

"वऱ्हाडी खिशात हात घालतो?"

"घालत नाही. घातला तर मुलीकडच्यांचा अपमान."

"मग भांडण कशाचं आहे? हे वऱ्हाड आहे. मुलीकडचे कोण, तेवढं ठरवा." पुरीचा तुकडा तोडून ते पुढे म्हणाले, "आणि पत्रक कोणी छापलं, ते मला ठाऊक आहे."

मुलीकडची म्हणजे कंपनी, हे उघड होते. नानांना विचारायला तार करण्याची सोय समुद्रात नव्हती. मी डेकच्या मधोमध उभा राहिलो आणि टाळी वाजवली. सांगितले, की या घडीपासून जळगावला परत पोचेपर्यंत ही मंडळी वऱ्हाडी आहेत आणि कंपनी मुलीकडची आहे. चहा, सोडा, लेमन, आणि शेवटी बोटीवरच्या माणसांचे बक्षीस, सगळे मुलीकडून. जो खिशात हात घालील त्याने यजमानाचा मान ठेवला नाही असे धरले जाईल.

एक-दोघांचे खिशाकडे गेलेले हात मागे आले. मग आबा म्हणाले, "अन् ज्यायची पाळी राह्यली, त्यायनं काय करावं?"

उत्तर शेठनी दिले. तोवर ते सगळ्यांसमोर बोललेच नव्हते. "वऱ्हाडात पाळी नसते, आबा. फेडायची असेल तर आपापल्या गावात फेडा. गाव कुठं पळून जातं?"

आबांनी टोपी सारखी केली. "हे बरोबर बोल्ला शेठ," ते म्हणाले. "पन मंग मुलीकडच्यायनं आमाले अजून पानसुपारी नाही देल्ली."

तिथून पणजीपर्यंत मी वधुपिता होतो. लोक वऱ्हाडी झाले म्हणजे पुरते झाले. चहा गार आहे अशी तक्रार आली. व्याह्यांना कप आधी गेला म्हणून सावद्याचे थोरले भाऊ रुसले आणि त्यांना समजावायला दोन माणसे पाठवावी लागली. बोदवडकरांनी वरपक्षाला साजेसा आवाज काढून विचारले की मुलीकडे गादीची सोय नाही का. मी हात जोडत होतो आणि मंडळी खूश होती. गंमत म्हणजे चहा कमी झाला. पाजायची पाळी उरली नाही, तसे पिण्याचे बंधनही उरले नाही. ज्याला हवा तोच कप मागू लागला.

बायका खाली जाऊन अक्कांना घेऊन आल्या. वऱ्हाडातून एक बाई कमी असणे बरे नाही, एवढेच त्यांनी सांगितले. अक्का वर आल्या तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता आणि रत्नागिरी जवळ आली होती. बोट किनाऱ्यापासून दूर उभी राहिली. किनाऱ्याकडून पडावाच्या होड्या आल्या, माणसे टोपल्या आणि ट्रंकांसह हेलकावे खात बोटीवर चढू लागली. अक्का कठड्याला धरून उभ्या होत्या.

"बठ्ठं पानीच शे का हाई?" त्यांनी विचारले.

मी हो म्हणालो.

"अन् त्याना पुढे?"

"पुढेही पाणीच."

त्या हसल्या. आंतोनने पुढे केलेला कप त्यांनी घेतला आणि त्याला दोन गोष्टी विचारल्या : एवढे कप धुतो कोण, आणि दूध फाटू नये म्हणून काय करता. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावे तसे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, परतीनी गाडी पाचोराले कितला येळ थांबस?"

मला वाटले, सामान उतरवायची काळजी आहे. दोन-तीन मिनिटे, असे मी सांगितले. गोव्यात मंगेशीच्या देवळातून निघताना त्यांनी तेच पुन्हा विचारले. गाडी सकाळची की रात्रीची, हेही विचारले. सकाळची, पाचोऱ्याला दिवस असताना पोचेल, असे मी म्हणालो.

बक्षिसाचा प्रश्न परतीच्या बोटीवर आला. बोट तीच होती, आंतोनही तोच. बक्षिसाची पद्धत अशी असते : व्यवस्थापक ठरलेली रक्कम पाकिटात घालून मुख्य माणसाला देतो, ती एका डब्यात पडते आणि फेरी संपल्यावर सगळे वाटून घेतात. त्यात आचारी असतो आणि प्रवाशांना कधी न दिसलेला, खाली कप धुणारा माणूसही असतो. त्यांच्या पगारात तो डबा धरलेला असतो. प्रवाशाला ते खुशीचे वाटते, त्यांना ते घरखर्चाचे असते.

आबांना हे पटत नव्हते. "ज्यानं जेवू घाल्लं, त्याच्या हातावर पैसे ठेवू? भिकारी समजला का त्याले?"

"मग काय द्यावे?"

"आहेर द्यावा. लग्नात आचाऱ्याले देत नाही का?"

पणजीच्या बाजारातून त्यांनी टॉवेल आणि नारळ आधीच आणलेले निघाले. मुंबई दिसू लागल्यावर आंतोन आणि त्याच्या माणसांना एका ओळीत बसवले. कप धुणाऱ्याला खालून बोलावून आणले, हे अक्कांनी बजावले होते. आहेर देण्याचा मानही आबांनी त्यांनाच दिला. कंपनीचे पाकीट मी आंतोनच्या टॉवेलाच्या घडीत घातले होते. अक्कांनी पदराची गाठ सोडून तिच्यातले पैसे त्यावर ठेवले. शेठ पुढे आले आणि त्यांनी त्यात घातलेली नोट कोणाहीपेक्षा मोठी होती.

"शेठ, तुमी तं चहाचा घोटबी नाही घेतला," आबा म्हणाले.

"जाता-येता पाणी उकळून दिलं यांनी," शेठ म्हणाले. "चहा सगळ्यांसाठी करत होते. पाणी एकट्या माझ्यासाठी."

आबा त्यानंतर शेठच्या नेमाबद्दल काही बोलले नाहीत. आंतोनने टॉवेल खांद्यावर टाकला आणि धक्क्याला लागेपर्यंत काढला नाही.

नानांचे काय झाले, ते आधीच सांगून टाकतो. खर्चाचा कागद त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "मुलगी नाही, जावई नाही, आणि लग्न लावून आलास." पण फैजपूर-सावद्याकडून पुढच्या सहलीची विचारणा त्याच आठवड्यात सुरू झाली. पत्रकातली तळाची ओळ नानांनी स्वतः बदलली. चहापाणी व बक्षीस कंपनीकडे. भाडे त्या मानाने थोडे वाढवले आणि कोणी तक्रार केली नाही. मी त्या धंद्यात होतो तोवर ती ओळ तशीच राहिली.

परतीची गाडी पाचोऱ्याला आली तेव्हा ऊन अजून फलाटावर होते. अक्का चाळीसगाव सोडल्यापासून दारात उभ्या होत्या. गाडी थांबायच्या आधीच मला फलाटावर खानावळीतल्या तीन बाया दिसल्या, दोन मोठ्या पितळी किटल्या आणि कपांनी भरलेली घमेली. पणजीहून अक्कांनी निरोप धाडला होता. त्या उतरल्या, गाठोडे खाली टाकले आणि वळून डब्याकडे ओरडल्या, "कोनी उतरू नका! बठ्ठासले खिडकीमाच भेटी!"

खिडक्याखिडक्यांतून कप आत येऊ लागले. आबा, त्यांचे व्याही, बोदवडकर, रुसणारे थोरले भाऊ, सगळ्यांच्या हातात कप. आमचे नसलेले दोन प्रवासीही त्यात चहा प्यायले. त्यांना कोणी विचारले नाही. "फुका, फुका, गाडी सुटी!" अक्का खिडकीखालून बजावत होत्या. आबा बशीत ओतून एका घोटात प्यायले आणि कप बाहेर देत म्हणाले, "अक्का, तुमची पाळी फिटली बरं!"

शेवटी त्या शेठच्या खिडकीशी आल्या. हातात तांब्या, वर धुतलेल्या पांढऱ्या फडक्याचा दादरा.

"शेठ, पानी उकाळेल शे. गाळेल बी शे. जीव लायीसन बाईनी समोर बसीसन उकाळं."

शेठनी सूर्याकडे पाहिले. तो मावळायला अवकाश होता. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी तांब्या घेतला, सवयीने वरून धार धरली आणि सगळा संपवला. सबंध सहलीत त्यांनी दुसऱ्याच्या घरचे काही घेतलेले मी तेवढेच पाहिले.

"अक्का, आता तुमचं माझ्यावर राहिलं," ते म्हणाले. "जळगावला याल तेव्हा घरी यायचं."

"येसू," अक्का म्हणाल्या.

शिटी झाली. बाया कप गोळा करत गाडीबरोबर चार पावले चालल्या. गाडीने फलाट सोडला तेव्हा माझ्या लक्षात आले की माझा कप माझ्याच हातात राहिला आहे.

आबा तो कप बघून खूश झाले. "आता साहेब फसले," ते सगळ्यांना म्हणाले. "हा द्यायले पाचोऱ्याले जानं पडीन."

पुढच्या आठवड्यात मी कप घेऊन पाचोऱ्याला गेलो. अक्कांनी तो घेतला, विसळला आणि चहाने भरून पुन्हा माझ्या हातात दिला.